हंबरण्याचा मान

"हंबर! अबे हंबर ना! काऊन मुका झाला? लोकं पाहून राह्यले!"

देवळाचा दिवाणजी माझ्या कानात ओरडत होता. मी देवळाच्या पटांगणात चार पायांवर होतो. म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे. गळ्यात घुंगरांची माळ, पोळ्याला बैलाला घालतात ती. कमरेला पळसाचा पाला. अंगाला राख. वय बावीस वर्षं. समोर माणसं किती म्हणाल तर मी पाच लाख सांगेन, तुम्ही तुमच्या मनानं कमी करून घ्या. आमचं गाव साठ घरांचं. पण त्या दिवशी सेलूहून, वर्ध्याहून, पार नागपुराहून मोटारी भरून लोक आले होते. पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते. पोरांना नीट दिसावं म्हणून.

मी हंबरलो.

पहिलं हंबरणं बारीक निघालं. लोक हसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दिवाणजीनं पाठीवर चापट मारली. "हे काय, बकरी हाय काय तू? बापाचा आवाज आठव तुह्या. पोटातून काढ."

मी पोटातून काढला. असा काढला की कळस हलला, बोर नदीतले मासे काठावर येऊन पडले आणि आंजी गावच्या गोठ्यातल्या गाईंनी उत्तर दिलं. खरं एवढंच की लोक गप्प झाले. त्या गप्प पटांगणात माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला, आणि तो कुणाचा हे मला ओळखता आलं नाही.

लाज वाटली का, असं आता लोक विचारतात. नाही वाटली. राग आला का? नाही आला. मी फरशीवरच्या मुंग्या पाहत होतो. एक मुंगी फुटाण्याचं टरफल ओढत होती. सगळं अंग असं झालं होतं की कुणी सुई टोचली असती तर मला दुसऱ्यानं सांगावं लागलं असतं.

महंत आले. अंगावर पिवळं रेशमी, पायात खडावा, हातात तुळशीचं तबक. "जीभ काढ," ते हळू आवाजात म्हणाले. मी जीभ काढली. त्यांनी बोटं लागू न देता वरून पान सोडलं. मग ठरल्याप्रमाणे मी बोललो, "गोपाळकृष्ण." मृदंग वाजले. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. जनावराला वाचा फुटली होती.

याला आमच्याकडं मान म्हणतात. हंबरण्याचा मान. आमच्याच घराण्याला आहे. दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

देऊळ गोपाळकृष्णाचं. बांधलं शास्त्रीबाबांनी. केव्हा, ते ज्याला त्याला विचारा, ज्याचं त्याचं वेगळं. शास्त्रीबाबा काशीला शिकले. चार वेद पाठ, सहा शास्त्रं पाठ. तिथल्या पंडितांना वादात हरवलं आणि पाठीवर कृष्णाची मूर्ती, बैलावर पोथ्यांचं ओझं घेऊन दक्षिणेला निघाले. आमच्या जंगलाच्या कडेला मूर्ती जड झाली. उचलेना. बाबा म्हणाले, देवाला इथंच राहायचं आहे. राहिले.

आता जंगलात कोण होतं? आम्ही होतो. गोंड.

कथेत आमचा पूर्वज झुडपातून चार पायांवर येतो. अंगभर केस. बोलता येत नाही, हंबरतो. बाबांसमोरची पोथी हुंगतो. बाबांना दया येते. ते त्याच्या जिभेवर तुळशीचं पान ठेवतात आणि तो जन्मातला पहिला शब्द बोलतो, देवाचं नाव. मग तो बाबांसाठी दगड वाहतो, लाकूड फोडतो, पाणी भरतो. देऊळ उभं राहतं. बाबा त्याला ओढ्याकाठचं वावर देतात आणि सांगतात, माझ्या पुण्यतिथीला दर साली तुझ्या वंशातल्या एकानं यावं आणि तू कसा होतास ते लोकांना दाखवावं.

ते वावर पाच एकर. काळी जमीन, दोन मोहाची झाडं, ओढ्याचा ओलावा. कागद देवळाचा, राबणं आमचं. मालगुजारी मोडली तेव्हा गावात बोलणं झालं की आता कसणाऱ्याचं वावर कसणाऱ्याला भेटेल. काहींना भेटलं असेल. देवाची जमीन देवाकडंच राहिली. आमचा हिशेब साधा. हंबरलं तर वावर, नाही हंबरलं तर रोजीनं जंगलात लाकडं तोडायला जाणं. तिकडं गेलेली आमची माणसं मी पाहिली होती. जाताना घर होतं, येताना सगळं घर दोन पोत्यांत होतं.

बाप तीस वर्षं हंबरला. मग त्या माघात दिवाणजी आमच्या दारात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "म्हातारा झाला तू. खाली बसला का गुडघे वाजतात तुहे, लोकाले ऐकू येते. आता मोटारीतनं लोकं येऊन राह्यले. जवान माणूस पाह्यजे."

 बाप कमी बोलायचा. वर्षभराचे त्याचे शब्द एका पायलीत मावले असते आणि वर तूर भरायला जागा उरली असती. त्यानं खुंटीवरची घुंगुरमाळ काढली, माझ्यापुढं ठेवली.

"वावर हाय," तो म्हणाला. तेवढंच.

आणि मी? माझं उलटं. मी बोलका. घरात आमची बोली, गावात वऱ्हाडी, मोटारवाला भेटला की हिंदी. बाजाराच्या दिवशी सेलूला मोहफुलं आणि जळण विकायचं आणि विकून झालं की चहाच्या दुकानात बाकावर बसून थापा मारायच्या. माझी वाघाची गोष्ट ऐकायला लोक आष्टीहून पायी यायचे. बरं, आष्टीहून नाही, पण बाजूच्या दुकानातून यायचे. गोष्ट अशी की जंगलात मला वाघ भेटला आणि त्यानं बिडी मागितली. मी दिली. त्यानं ओढली आणि म्हणाला, कडक आहे, उद्या दुसऱ्या छापाची आण. लोक विचारायचे, मग दुसऱ्या दिवशी गेला का तू? मी म्हणायचो, गेलो ना, पण वाघानं तंबाखू सोडली होती. चहावाला अर्धा कप फुकट द्यायचा. त्या अर्ध्या कपाची ऐट अशी की मालगुजारालाही नसेल.

त्या पहिल्या हंबरण्यानंतरचा बाजार. मी बाकावर बसलो. सुरुवात केली, "एक डाव का नाई, बोरच्या जंगलात—"

मागून कुणीतरी म्हणालं, "हम्मा!"

सगळं दुकान हसलं. मी थांबलो, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा "हम्मा!" आता दोघा-तिघांनी. चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "अरे, अगुदर तुळस आना रे कोनी याच्यासाठी. मंग बोलन तो."

मीही हसलो. हे लिहिताना जीव जड होतो, पण हसलो. मोठ्यानं हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारी तेच. मी थापा सोडायचं ठरवलं वगैरे नाही. गोष्ट तोंडात यायची आणि तिथंच बसून राहायची. नंतर तोंडातही येईना. मी जळण विकायचो आणि सरळ गावाला परत यायचो. वाटेत बैलाशी बोलायची सवय होती, तीही गेली. बाप आणि मी एका घरात राहायचो आणि दिवसच्या दिवस भाकरी वाढल्याचा तेवढा आवाज व्हायचा.

दुसरं वर्ष आलं. पुन्हा राख, पुन्हा पाला, पुन्हा माळ.

इथं एक पद्धत सांगितली पाहिजे. कथेत पूर्वज पोथी हुंगतो. म्हणून शास्त्रीबाबांच्या हातची पोथी त्या दिवशी रेशमी फडक्यातून सोडतात आणि पाटावर ठेवतात. हंबरणाऱ्याच्या नाकासमोर. वर्षातून एकदा सोडतात आणि एकच ठरलेलं पान उघडतात. त्यावर कुंकू वाहतात. लोक दहा हात लांब. महंत तेव्हा गाभाऱ्यात तुळस घ्यायला गेलेले. कीर्तनकारबुवा खांबाशी उभं राहून कथा सांगत असतात. म्हणजे त्या पानाच्या जवळ कोण? फक्त हंबरणारा. बापाच्या नाकासमोर ते पान तीस वर्षं होतं. बापाला अक्षर येत नाही.

मला येतं. चौथीपर्यंत शाळेत गेलो होतो. देवळातल्या कुणी कधी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी मुंग्या पाहिल्या. दुसऱ्या वर्षी फरशी धुतलेली होती. मुंग्या नव्हत्या. म्हणून पान पाहिलं.

बाळबोध अक्षर. मोठं, टपोरं, शाई तांबूस पडलेली. मला वाटलं संस्कृत असेल. नव्हतं. पहिली ओळ होती, "वाटेंत ज्वर आला. बोलतां येईना, चालतां येईना."

मी हंबरत होतो. हंबरता हंबरता पुढची ओळ वाचली. "रानांतील एका मनुष्यानें उचलून घरीं नेलें."

तेवढ्यात श्वास संपला. महंत आले. जीभ काढ. गोपाळकृष्ण. मृदंग. पोथी फडक्यात गेली आणि एक वर्षासाठी पेटीत गेली.

ज्यानं बारा महिने दोन ओळींवर काढले आहेत त्यालाच ते कळेल. नांगर धरला तरी त्या दोन ओळी. बोलता येईना, चालता येईना. कुणाला? शास्त्रीबाबांना. चार वेदवाल्याला. मग चार पायांवर कोण होतं?

बापाला सांगितलं. "बा, त्या पोथीत आपल्या मानसाचं लिवलं हाय. बाबाले ताप आलता. आपल्या मानसानं उचलून घरी नेलं."

बाप वावराकडं पाहत होता. "तण वाढलं," तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षाची मी तयारी केली. जंगलात जाऊन दम वाढवला. हसू नका. चार ओळी वाचायच्या तर मोठा श्वास पाहिजे. अख्खं पान वाचायचं तर त्याहून मोठा. त्या माघात मी जो हंबरलो तो आजपर्यंत कुणी हंबरला नसेल. एकामागून एक चौदा वेळा. ओळ डावीकडून उजवीकडं वाचायला डोकं फिरवावं लागतं, तर मी बैलासारखं डोकं हलवलं. लोक म्हणाले, काय हुबेहूब! शेवटच्या ओळीवर कुंकवाचा ढीग होता. मी नाकातून असा फुरफुरलो की कुंकू उडून पाटाखाली गेलं. बुवा कथा सोडून माझ्याकडं पाहत राहिले. महंतांनी त्या साली मला अख्खा नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जनावराचं सोंग आणून आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाचन करत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते.

पानावर पुढं होतं:

"चार मास ठेविलें. त्याची बोली मजला येत नव्हती. बोट दाखवून तो एक एक शब्द सांगे, मी लिहून घेत असें. पाणी म्हणजे येर. विस्तव म्हणजे किस. घर म्हणजे रोन. माझें बोलणें ऐकून त्याचीं पोरें हंसत."

आणि कुंकवाखालची ओळ: "या रानांत तोच माझा पंतोजी झाला."

वाचलं. जीभ काढली. गोपाळकृष्ण म्हणालो. घरी आलो, राख धुतली. रडलो नाही. भाकरी खाल्ली. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे होतं, एवढं कळत होतं. वाटत नव्हतं.

पण डोक्यात एक चाक फिरायला लागलं. मी स्वतः थापाड्या माणूस. थाप कशी फुगते हे मला कुणी शिकवायला नको. वाघानं आधी नुसतं पाहिलं होतं. दुसऱ्या बाजारी तो गुरगुरला, चौथ्या बाजारी त्यानं बिडी मागितली. ऐकणारे मिळाले की वाघ मोठा होतो. शास्त्रीबाबांचंही तसंच झालं असणार. आधी तापानं फणफणलेला एक बामण होता, मग तापाची गोष्ट कुणाला तरी नको झाली. आमच्या माणसानं दिलेले शब्द बाबांनी दिले असं झालं. मग त्या माणसाला मुका केला. मग अंगावर केस आणले. मग चार पायांवर आणला. मी हजार थापा मारल्या असतील. पण माझ्या एकाही थापेत मी कुणाला चार पायांवर आणलं नाही.

हे कळलं आणि तरी पुढचे अकरा महिने मी वावरात राबत राहिलो. माणूस कळल्यावर लगेच उठतो असं नाही. मी तरी नाही उठलो.

चौथ्या वर्षी दिवाणजीनं स्वतः माझ्या अंगाला राख लावली. "मांगच्या सालापेक्षा भारी कर. नागपूरचे शेठ आले हाय." बाप फाटकाशी उभा होता. तो दर वर्षी यायचा, संपल्यावर माळ घरी न्यायला. आत यायचा नाही, पाहायचा नाही. पाठ करून उभा राहायचा.

पोथी आली. पान उघडलं. बुवांनी खूण केली.

मी हंबरलो नाही.

"हंबर!" दिवाणजी म्हणाला. मी पानाकडं पाहिलं. "अबे हंबर!" मी तोंड उघडलं. तीन वर्षं त्या पटांगणात जो आवाज काढला होता तोच येईल की काय याची मला भीती वाटली. आला नाही. मी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. मास्तर शाळेत उभं करून वाचायला लावायचे तसं, शब्द तोडून तोडून.

"वाटेंत ज्वर आला. बोलतां येईना, चालतां येईना. रानांतील एका मनुष्यानें—"

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग पुढची रांग गप्प झाली. दिवाणजीनं माझ्या खांद्याला धरलं, पण राख होती, हात घसरला. मी वाचत राहिलो. येर. किस. रोन. आमचे शब्द मी त्या पटांगणात पहिल्यांदा उच्चारले. चार पायांवरच होतो अजून. उठायचं सुचलं नव्हतं.

महंत तबक घेऊन आले. त्यांनी आधी पोथी बंद केली. मग वाकले, एवढे वाकले की त्यांच्या गंधाचा वास आला.

"वाचलंय मी ते," ते अगदी हळू म्हणाले. "लहानपणीच. वडिलांनी दाखवलं होतं."

मी वर पाहिलं. "मंग?"

"लोक त्यासाठी येत नाहीत. जीभ काढ."

आवाजात राग नव्हता. माझा काही राग असलाच तर तो इथं यायला हवा होता. आला नाही. फक्त गुडघे दुखायला लागले. एकदम, चार वर्षांचे सगळे. मी उठलो. दोन पायांवर उभा राहिलो आणि महंतांपेक्षा वीतभर उंच निघालो. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"मी हंबरनार नाई," मी म्हणालो.

आणि मग जे झालं ते मी माझ्या कुठल्याही थापेत घातलं नसतं. कुणाला पटणार नाही म्हणून. खांबाजवळच्या बुवांनी दोन्ही हात वर केले आणि गरजले, "पाहा! पाहा बाबांची लीला! मागं पशूला बोलायला शिकवलं, आज वाचायला शिकवलं!"

पटांगण फुटलं. लोक जयजयकार करू लागले. एक बाई माझ्या पायांवर पडली. शेठनं स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात, घुंगुरमाळेवर घातला. मी ओरडत होतो, "चवथी शिकलो मी! शाळेत शिकलो! मास्तरनं शिकवलं!" टाळ-मृदंगात ते कुणाला ऐकू जाणार? जे ऐकू गेलं ते त्यांनी चमत्कारातच घेतलं. मी भर सभेत नाही म्हणालो होतो आणि त्यांनी माझं नाही उचलून गाभाऱ्यात नेऊन ठेवलं होतं.

मी हार काढला, माळ काढली, दोन्ही पाटावर ठेवलं आणि चालू लागलो. फाटकाशी बाप नव्हता. आधीच घरी गेला होता. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यात नवीन काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी आला. काल्याचा दिवस. हातात घुंगुरमाळ, काखेत नवं धोतर. बाप ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. मी भिंतीला टेकून उभा.

"महंत खूश हाय तुह्यावर," दिवाणजी मला म्हणाला. आवाज असा गोड की मी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का. "आज काल्याले कालच्या दुप्पट लोकं येऊन राह्यले. सेलूपासून बैलबंड्याची लाईन लागली. तू फक्त अगुदर हंबर. दोन डाव हंबरला तरी चालते. मंग तुळस. मंग वाच. बुवा तुले दुसरं पान काढून देईन, कृष्णाचं. हे धोतर घे. मंग दरसाल तसंच करू."

"नाई," मी म्हणालो.

"नाई म्हंजे?"

"हंबरनार नाई. तुळस घेनार नाई. तुमी काढून देलेलं पान वाचनार नाई."

"अबे, मान वाढून राह्यला तुहा! काल पाया पडले लोकं!"

"मले बोलाचं हाय," मी म्हणालो. "मले वाटन तवा, वाटन ते. उद्या सेलूच्या बाजारात सांगनार हाय का त्या पानावर काय लिवलं हाय. हम्मा म्हनो कोनी, नाई तर दगड मारो. तिथं नाई ऐकलं तर आंजीले सांगीन. महंताले ठाऊक हाय हेही सांगीन."

हे बोलताना माझ्या अंगात वीज संचारली वगैरे काही नाही.  पण शब्द तोंडात बसून राहिले नाहीत. एकामागून एक बाहेर आले.

दिवाणजीनं धोतर काखेत घट्ट धरलं. गोडवा संपला. तो बापाकडं वळला.

"आयकलं? तुह्या पोराचं डोस्कं फिरलं. वावर देवाचं हाय, हे तुले सांगाची गरज नाई. तूर उभी हाय वावरात. संध्याकाळपावतर देऊळ कापून नेईन, आन् नांगर दुसऱ्याचा लागन." मग त्यानं माळ बापाच्या मांडीवर टाकली. "मी महंताले सांगतो, पोट्टं बिमार हाय. तू ये. जुना मानूस तू. गुडघे वाजो का काही होवो. बस, एक डाव हंबर आन् वावर तुहं."

बापाचा दोर वळणारा हात थांबला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहवेना. पाच एकर काळी जमीन होती. दोन मोहाची झाडं होती. बापाच्या तीस वर्षांच्या गुडघ्यांची ती किंमत होती आणि मी ती एका सकाळी फुंकायला निघालो होतो. तो उठला असता तर मी त्याला अडवलं नसतं. अडवायला माझ्याकडं होतं काय?

घुंगरं खळकन वाजली. बापानं माळ मांडीवरून उचलून ओट्याच्या खाली, दिवाणजीच्या वहाणांजवळ ठेवली. मग दोराचा सुटलेला पीळ पुन्हा बोटात धरला.

"काय रे म्हाताऱ्या?" दिवाणजी ओरडला. "चाल ना! हंबराचं हाय तुले!"

"मले येत नाई," बाप म्हणाला.